झांशीची राणी पलटण

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांत विश्पला नांवाच्या एका स्त्रीचा उल्लेख आहे. खेलाच्या युद्धांत रात्रीच्या वेळीं तिचा पाय तुटला, आणि अश्विनीकुमारांनीं तिला लागलीच धातूचा पाय बसवून पुन्हां रणांत धाडिलें. पुढें कांहीं पंडितांनीं विश्पला ही स्त्री नसून शर्यतीची घोडी असावी, असा तर्क लढविला. बाई रणांगणावर गेली हें मान्य करण्यापेक्षां घोडी गेली हें मान्य करणें त्यांस सोपें वाटलें असावें! दशम मंडलांतील मुद्गलानी रथ हांकून गाई जिंकून आणते. आणि कौटिल्य तर राजा शय्येवरून उठतांच धनुर्धारी स्त्रियांनीं त्याच्या भोंवतीं असावें, असें सांगतो. तेव्हां स्त्री आणि शस्त्र यांची सांगड आमच्या परंपरेला अगदींच अपरिचित होती असें नाहीं. परंतु हीं सारीं उदाहरणें एकेकट्या वीरांगनांचीं किंवा राजवाड्यांतील पहाऱ्याचीं. साध्या घरांतल्या शेंकडों मुलींनीं आपलीं नांवें फौजेच्या पटावर घालावीं, केस कापावे, विजार चढवावी, खांद्यावर रायफल घेऊन कवाईत करावी आणि 'आम्हांस आघाडीवर धाडा' म्हणून अधिकाऱ्यांपाशीं हट्ट धरावा, हा प्रकार आमच्या लोकांत घडला तो १९४३ सालीं. आणि तोहि हिंदुस्थानांत नव्हे, तर समुद्रापलीकडे सिंगापुरास.

त्या पलटणीचें नांव 'झांशीची राणी पलटण'. आझाद हिंद सेना हे शब्द सर्वांच्या परिचयाचे आहेत, कॅप्टन लक्ष्मी हें नांवहि वडील मंडळींस स्मरत असतें. पण ही पलटण कोणांची बनली होती, तिनें केलें काय, आणि तिला करूं दिलें नाहीं काय, असें विचारल्यास बहुतेक जण गप्प होतात. आम्ही शाळेंत शिकवीत होतों तेव्हां क्रमिक पुस्तकांत तिच्या वाट्याला एखादी ओळ येई, आणि ती ओळ परीक्षेंत विचारली जात नसे.

मूळ समजून घ्यावयाचें तर मलायांतील रबराच्या मळ्यांपर्यंत गेलें पाहिजे. ब्रिटिश मळेवाल्यांनीं तमिळ मुलखांतून मजूर नेऊन तेथें रबराचीं अरण्यें उठविलीं होतीं. पहांटेच्या काळोखांत झाडाच्या सालीला तिरपा छेद द्यावयाचा, खालीं वाटी लावावयाची, आणि ऊन तापण्यापूर्वीं चीक गोळा करावयाचा, हें काम बायका पुरुषांच्या बरोबरीनें करीत. मजुरी मात्र पुरुषांहून कमी. मुकादमाला तिकडे कंगाणी म्हणत. त्याचा शब्द हाच कायदा, आणि गोऱ्या साहेबाचा शब्द त्याच्याहि वर. १५ फेब्रुवारी १९४२ रोजीं सिंगापूर जपान्यांच्या हातीं पडलें. रबर घेणारें युरोप-अमेरिकेचें गिऱ्हाईक एका दिवसांत नाहींसें झालें, मळे ओस पडले, तांदूळ मिळेनासा झाला. त्यांतच जपान्यांनीं सयाम आणि ब्रह्मदेश जोडणाऱ्या लोहमार्गावर मळ्यांतील मजूर नेण्यास प्रारंभ केला. त्या मार्गावर पटकी, हिंवताप आणि उपासमार यांनीं आशियांतले मजूर दहा-दहा हजारांनीं मेले. त्यांत तमिळांचा भरणा मोठा होता. मागें राहिलेल्या बायकांचे हाल काय झाले असतील, याची कल्पना करावी.

अशा ह्या ओसाडींत २ जुलै १९४३ रोजीं सुभाषबाबू सिंगापुरास उतरले. त्याच आठवड्यांत त्यांनीं आझाद हिंद सेनेचीं सूत्रें हातीं घेतलीं, आणि ९ जुलैच्या विराट सभेंत स्त्रियांची एक स्वतंत्र पलटण उभारण्याचा मनोदय बोलून दाखविला. झांशीच्या राणीनें १८५७ च्या युद्धांत जी तलवार धरली ती ह्या पलटणीनें धरावी, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सभेंत टाळ्या पडल्या. पण टाळ्या देणाऱ्यांतील किती जण आपल्या मुली धाडण्यास तयार होते, हा प्रश्न निराळा.

त्या वेळीं सिंगापुरांत लक्ष्मी स्वामिनाथन् नांवाच्या एक तरुण डॉक्टरीण होत्या. जन्म मद्रासेंत, २४ ऑक्टोबर १९१४ चा. वडील नामांकित वकील; आई अम्मू स्वामिनाथन् ह्या पुढें घटनासमितीच्या सभासद झाल्या; धाकटी बहीण मृणालिनी हिनें नृत्यांत नांव मिळविलें. १९३८ सालीं मद्रासच्या मेडिकल कॉलेजांतून पदवी घेऊन लक्ष्मीबाई १९४० मध्यें सिंगापुरास गेल्या आणि तेथें दवाखाना चालवूं लागल्या. गरीब हिंदी मजुरांच्या बायका हेच त्यांचे बहुतेक रोगी. सुभाषबाबूंची घोषणा होतांच त्यांनीं घरोघर फिरून वीस स्त्रिया गोळा केल्या. ह्या बायांनीं उणेंपुरें दोन-तीन दिवस शिपायांच्या जड रायफली पेलण्याचा सराव केला आणि १२ जुलैच्या स्त्रियांच्या सभेंत पातळें नेसूनच सुभाषबाबूंस लष्करी सलामी दिली. त्यानंतर सुभाषबाबूंनीं लक्ष्मीबाईंस बोलावून पलटणीचें नेतृत्व घ्याल काय, असें विचारलें. त्यांनीं तेथल्या तेथें होकार दिला आणि दवाखाना बंद केला. वय वर्षें अठ्ठावीस. २१ ऑक्टोबरला आझाद हिंदचें हंगामी सरकार स्थापन झालें, त्याच्या मंत्रिमंडळांतील एकुलती एक स्त्री ह्याच.

आतां नांवाविषयीं दोन शब्द. पलटणींतील बहुसंख्य मुली तमिळ. त्यांतील अनेकींनीं हिंदुस्थानची भूमि डोळ्यांनीं पाहिलेली नव्हती. आणि त्यांनीं नांव घेतलें तें तांब्यांच्या घरीं जन्मलेल्या आणि नेवाळकरांच्या घरीं दिलेल्या एका मराठी मुलीचें. बाईंची जी मूर्ति आमच्या मनांत आहे ती बऱ्याच अंशीं वरसईच्या विष्णुभटजी गोडशांनीं 'माझा प्रवास' ह्या ग्रंथांत घडविलेली. भटजी द्रव्यार्जनास म्हणून उत्तरेस गेले आणि बंडाच्या वावटळींत सांपडले. झांशीच्या वेढ्यांत ते शहरांतच होते. त्यांनीं बाईंस मल्लखांब करतांना, घोडा फेरतांना, कधीं पुरुषी पोषाखांत तर कधीं शुभ्र पातळांत पाहिलें. आणि काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशीं झालेली ती भेट! तहानेनें व्याकुळ झालेल्या राणीस भटजी पाणी काढून देऊं लागले, तों विद्वान् ब्राह्मणाकडून पाणी काढविणें तिला बरें वाटेना. तिनें स्वतःच मडकें विहिरींत सोडलें आणि ओंजळीनें पाणी प्यालें. हा प्रसंग ज्यानें एकदां वाचला तो विसरणें शक्य नाहीं. झांशीच्या तटावर बायका दारूगोळा वाहतांना आणि तोफांपाशीं राबतांना दिसल्या, अशी नोंद तर इंग्रजांनींहि करून ठेविली आहे. म्हणजे राणीच्या हाताखालीं १८५८ सालींहि बायकांची एक बिननांवाची पलटण होती, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होऊं नये.

दुसरें एक नांव तर त्याहून आमच्या घराजवळचें. राणी पलटणीच्या शुश्रूषापथकाला 'चांदबिबी पथक' म्हणत. अहमदनगरच्या किल्ल्याला मोंगलांचा वेढा पडला असतां ज्या चांदबिबीनें तो झुंजविला, तिचें हें नांव. मलायांतल्या तमिळ मुलींनीं जखमा बांधण्याचें शिक्षण घ्यावें आणि त्यांच्या पथकाला नगरच्या सुलतानेचें नांव असावें, ही गोष्ट आम्हांस मोठी हृद्य वाटते. सुभाषबाबूंच्या मनांत हिंदु कोणती, मुसलमान कोणती, हा भेद नव्हता, हेंहि ह्यावरून दिसून येतें.

२२ ऑक्टोबर १९४३ रोजीं वॉटर्लू स्ट्रीटवर पलटणीची छावणी सुरू झाली. आरंभीं मुली सुमारें दीडशें. पुढें रंगून आणि बँकॉक येथेंहि छावण्या निघाल्या. अविवाहित मुलीला बापाची आणि विवाहितेला नवऱ्याची संमति आणावी लागे. क्वालालंपूरच्या एका सुखवस्तु घरांतील जानकी देवर ही सतरा-अठरा वर्षांची मुलगी सुभाषबाबूंचें भाषण ऐकून आली ती अंगावरचे दागिने देऊनच. घरीं गेल्यावर जें व्हावयाचें तें झालें, परंतु बापाची सही तिनें मिळविलीच. छावणींतलें पहिलें जेवण पुढें आलें तेव्हां ताटाकडे पाहून तिला रडूं कोसळलें, असें तिनेंच पुढें सांगितलें आहे. हीच मुलगी कांहीं महिन्यांत पलटणीची दुय्यम सेनानी झाली.

पहांटे उठणें, निशाणाला सलामी, व्यायाम, कवाईत, रायफल, संगीन, हातबाँब, मशीनगन, नकाशा वाचणें, पाठीवर बोजा घेऊन दूरवर चाल, आणि संध्याकाळीं हिंदुस्थानी भाषेचा वर्ग, असा क्रम असे. भाषा रोमन लिपींत शिकविली जाई, कारण एकीला तमिळ येई, दुसरीला बंगाली, तिसरीला पंजाबी. मळ्यावरच्या निरक्षर मुलीला येथेंच प्रथम आपलें नांव लिहितां येऊं लागलें. वकिलाची मुलगी आणि कुलीबाईची मुलगी एका पंक्तीला बसूं लागल्या. चुलीपाशींची शिवाशीव छावणीच्या दाराबाहेर राहिली. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं आजीच्या वेळचें सोंवळें कांहीं स्मरणांत असेल, त्यांस ह्या एका गोष्टीची किंमत निराळी सांगावयास नको. आणि पोटाची आग हें पलटणींत येण्याचें एक कारण होतेंच. पण भूक आणि देशभक्ति एका मनांत नांदूं शकत नाहींत असें थोडेंच आहे? पोट भरलेल्यांचीच देशभक्ति काय ती खरी, असा नियम आम्हीं तरी कोठें वाचलेला नाहीं.

जपान्यांस हा सारा खटाटोप व्यर्थ वाटे. बायकांसाठीं शस्त्रें आणि दारूगोळा देण्यास त्यांनीं प्रथम नकार दिला. सुभाषबाबूंनीं आपला हेका सोडला नाहीं. ३० मार्च १९४४ रोजीं सिंगापुरास शिक्षण पूर्ण केलेल्या तुकडीचें पहिलें संचलन झालें.

येथून पुढच्या हकीकतींत पुष्कळ भाबड्या लोकांनीं रंग भरले आहेत, म्हणून नीट सांगितलें पाहिजे. १९४४ च्या वसंत ऋतूंत पलटणीच्या तुकड्या ब्रह्मदेशांत गेल्या. त्यांतील एक, सुमारें शंभर जणींची, मेम्योपर्यंत नेण्यांत आली. योजना अशी कीं, इंफाळ पडतांच ही तुकडी आघाडीच्या सैन्याबरोबर बंगालच्या सपाटींत उतरेल. बायकांची पलटण पुढें येतांना पाहून हिंदी शिपाई आणि हिंदी प्रजा यांच्या मनावर जो परिणाम होईल, तो तोफांनीं व्हावयाचा नाहीं, असा सुभाषबाबूंचा अंदाज होता. पण इंफाळ पडलें नाहीं. मार्चमध्यें सुरू झालेली मोहीम जुलैमध्यें पावसांत, चिखलांत आणि उपासमारींत आटोपली. मेम्योच्या मुली वाट पाहत राहिल्या. आम्हांस लढूं द्या, म्हणून त्यांनीं स्वतःच्या रक्तानें सह्या करून अर्ज केला, असें त्यांच्यापैकीं कांहींच्या आठवणींत आहे. लढाई त्यांच्या वाट्याला आली नाहीं. वाट्याला आले ते आघाडीवरून परत येणारे सांपळे झालेले, आंव आणि हिंवताप यांनीं खंगलेले जवान. औषधें नव्हतीं, पट्ट्यांना कापड नव्हतें, आणि वरून विमानांतून बाँब पडत होते. रायफल चालविण्यास शिकलेल्या मुलींनीं तेथें घाण काढली, जखमा धुतल्या आणि मरणाऱ्यांच्या तोंडांत पाणी घातलें.

ह्या पलटणीनें अमुक ठिकाणीं इंग्रजांचा पराभव केला, अशा गोष्टी कधीं कधीं छापल्या जातात. त्या खऱ्या नव्हेत. संख्येचेंहि तसेंच: हजार, दीड हजार असे आंकडे पूर्वींपासून सांगितले जात, व्हेरा हिल्डब्रँड ह्या बाईंनीं हयात असलेल्या सैनिक-स्त्रियांस भेटून २०१६ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत त्यांनीं संख्या साडेचारशेंच्या आसपास धरली आहे, आणि पलटण प्रत्यक्ष युद्धांत उतरली नाहीं असाच निर्णय दिला आहे. कांहीं लोकांस ह्याचा राग आला. आम्हांस येत नाहीं. ज्या मुलीनें मरणाची तयारी करून नांव लिहविलें, तिला मरण आलें नाहीं म्हणून तिच्या तयारींत उणें काय आलें? आणि खोट्या पराक्रमाचा हार ज्याच्या गळ्यांत घालावा, त्याच्या खऱ्या कष्टांकडे मग कोणी पाहत नाहीं. ह्या मुलींचे खरे कष्ट पाहावयाचे असतील तर १९४५ चा एप्रिल पाहावा.

इंग्रज सैन्य रंगूनपाशीं येऊन ठेपलें होतें. ब्रह्मदेशांतच राहणाऱ्या मुलींस त्यांच्या घरीं पोहोंचविण्यांत आलें. उरलेल्या सुमारें शंभर जणी मलायाच्या. त्यांची परत जाण्याची व्यवस्था झाल्याखेरीज आपण रंगून सोडणार नाहीं, असें सुभाषबाबूंनीं जपान्यांस बजावलें. २४ एप्रिलच्या रात्रीं मोटारगाड्यांचा तांडा निघाला. सितांग नदी ओलांडेपर्यंत बहुतेक गाड्या निकामी झाल्या होत्या, आणि पुढचा मार्ग पायीं. दिवसां विमानांच्या भीतीनें झाडींत लपावयाचें, रात्रीं चालावयाचें. रायफल, बोजा, पाऊस, चिखल, जळवा. सुभाषबाबू त्यांच्या बरोबरीनें चालत होते. जपानी सेनापतीनें देऊं केलेली मोटार त्यांनीं नाकारली. एका मुक्कामावर त्यांनीं बूट काढले, तेव्हां पायांवर फोडच फोड होते, हें जानकी देवरनें पाहिलें आणि लिहून ठेविलें. मोलमेनच्या पुढें आगगाडी मिळाली, पण तीहि सुरक्षित नव्हती. ह्या परतीच्या प्रवासांत एका गाडीवर गनिमांनीं गोळीबार केला आणि पलटणींतल्या स्टेला आणि जोसेफीन ह्या दोघी ठार झाल्या. नांवांवरून दोघी ख्रिस्ती होत्या हें कळतें. झांशीच्या राणीचें नांव घेतलेल्या सैन्यांत त्यांनींहि प्राण ठेविला.

त्याच वर्षांत हिंदुस्थानांतहि हिंदी मुली गणवेष घालून वावरत होत्या, आणि त्यांचा विसर पडूं देणें योग्य नव्हे. इंग्रज सरकारनें १९४२ सालीं 'विमेन्स ऑक्झिलियरी कोअर' काढली. तींत सुमारें अकरा हजार स्त्रिया होत्या. हिंदी, अँग्लो-इंडियन, युरोपियन. त्या टंकलेखन करीत, टेलिफोन संभाळीत, गाड्या चालवीत, सांकेतिक तारा उलगडीत. लढण्याचें काम त्यांस नव्हतें, आणि १९४७ मध्यें ती कोअर मोडण्यांत आली. एका मुलीनें राजाची शपथ घेतली, दुसरीनें राजाविरुद्ध. आज दोघींच्याहि नाती आपल्या आजीचें छायाचित्र सारख्याच अभिमानानें दाखवीत असतील.

युद्ध संपण्यापूर्वींच लक्ष्मीबाई ब्रह्मदेशांत पकडल्या गेल्या आणि मार्च १९४६ मध्यें त्यांस हिंदुस्थानांत आणण्यांत आलें. पुढील वर्षीं लाल किल्ल्याच्या खटल्यांतील एक आरोपी कर्नल प्रेमकुमार सहगल यांच्याशीं त्यांचा विवाह झाला, आणि त्या कानपुरास राहिल्या. तेथें त्यांनीं गरिबांच्या बायकांचीं बाळंतपणें केलीं, तीं जवळजवळ अखेरपर्यंत. १९७१ सालीं बांगला देशांतून निर्वासितांचे लोंढे आले तेव्हां त्या कलकत्त्यास धांवल्या. १९८४ सालीं भोपाळास विषारी वायूनें माणसें मेलीं तेव्हां तेथें गेल्या. २००२ सालीं त्या राष्ट्रपतिपदासाठीं डॉ. अब्दुल कलाम यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या आणि पडल्या. २३ जुलै २०१२ रोजीं कानपुरांत त्यांचें देहावसान झालें. जानकीबाई मलायांत राहिल्या. तेथील हिंदी लोकांची राजकीय संघटना १९४६ सालीं स्थापन झाली, तींत त्यांचा हात होता. २००० सालीं भारत सरकारनें त्यांस पद्मश्री दिली. आणि एक रासम्मा भूपालन्. बहिणीबरोबर पलटणींत गेलेली ही मुलगी पुढें शिक्षिका झाली, मुख्याध्यापिका झाली, आणि मलेशियांतील शिक्षिकांस पुरुष शिक्षकांइतकाच पगार मिळावा म्हणून तिनें संघटना बांधून लढा दिला. रबराच्या मळ्यावर जो अन्याय, तोच शाळेच्या पगारपत्रकावर! मास्तर म्हणून जन्म काढलेल्या माणसास ह्या बाईंविषयीं विशेष आदर वाटल्यास नवल नाहीं. मळ्यावरून आलेल्या बहुतेक जणी मात्र मळ्यावरच परतल्या, आणि पुन्हां पहांटेच्या काळोखांत सालीला छेद देऊं लागल्या. त्यांचीं नांवें इतिहासांत नाहींत.

स्वतंत्र हिंदुस्थानच्या सैन्यानें वैद्यकीय शाखेबाहेर स्त्री-अधिकाऱ्यांस दार उघडलें तें १९९२ सालीं, म्हणजे वॉटर्लू स्ट्रीटच्या छावणीनंतर एकोणपन्नास वर्षांनीं. त्यांस कायमची नेमणूक द्यावी कीं नाहीं हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. खेड्यापाड्यांतून आलेले जवान स्त्रीची आज्ञा मानण्यास मनानें तयार नाहींत, असाहि मुद्दा सरकारपक्षातर्फे तेथें मांडला गेला. १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालांत न्यायालयानें असले युक्तिवाद फेटाळले. जपानी अधिकाऱ्यांचें १९४३ मधील म्हणणें ह्याहून फारसें निराळें नव्हतें. २०२१ सालीं लष्करी पोलिसांत ८३ स्त्रिया साध्या शिपाई म्हणून दाखल झाल्या. २०२२ मध्यें पुण्याजवळ खडकवासल्याच्या प्रबोधिनींत मुलींस प्रवेश मिळाला आणि ३० मे २०२५ रोजीं त्यांतील पहिल्या १७ जणी मुलांच्या बरोबरीनें संचलन करीत बाहेर पडल्या.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. १९४५ च्या ऑगस्टमध्यें जपान शरण जाणार हें सिंगापुरांत सर्वांस कळून चुकलें होतें. १४ तारखेस सुभाषबाबूंचा एक दांत काढण्यांत आला होता. तशाहि स्थितींत ते त्या संध्याकाळीं नाटकास गेले. नाटक राणी लक्ष्मीबाईच्या चरित्रावर होतें, आणि तें केलें होतें पलटणींतल्या मुलींनींच. ज्यांना लढावयास मिळालें नाहीं, त्यांनीं रंगभूमीवर झांशी लढविली. सैनिकांनीं आणि नागरिकांनीं भरलेलें पटांगण तें पाहत होतें. दुसऱ्या दिवशीं जपानची शरणागति जाहीर झाली. छावणींतल्या मुलींस आपापल्या घरीं पोहोंचविण्याच्या व्यवस्थेची विचारपूस करून सुभाषबाबू १६ तारखेस सिंगापुरांतून निघाले.